कुणी आडवं आलं नव्हतं

माझी नातसून सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिनं मला ही वही आणून दिली आणि म्हणाली, "आजी, तुमच्यासारखं दुखणं असलेल्या बायका आमच्याकडे रोज येतात. प्रत्येकीला वाटतं, हे जगात आपल्या एकटीलाच झालंय. तुम्ही लिहाच." तिच्याकडूनच मला कळलं की माझ्या दुखण्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्याचं आजचं नाव मला आत्ता समजलं.

तर लिहिते. औषधांची माहिती माझ्याकडून घेऊ नका, ती डॉक्टरांना विचारा. मी एवढंच सांगणार की अंग दुखत असताना आणि तोल जात असताना मी दिवस कसे काढले. आणि त्या दिवसांत मी एक वाईट गोष्ट केली, तीही सांगणार. ती गाळून बाकीचं लिहायचं असेल तर ही वही कोरीच ठेवलेली बरी.

सात गावं

आम्ही कासार. माझं माहेर सांगलीचं. तिथं चौथीपर्यंत शाळा झाली आणि लग्न होऊन मी कोरेगाव तालुक्यात आले. आमच्या घराकडे सात गावं होती. म्हणजे त्या सात गावांतल्या लेकीसुनांना बांगड्या भरायचा मान आमचा, दुसऱ्या कासारानं तिथं पाय ठेवायचा नाही. मालक बाजारच्या दिवशी कोरेगावात दुकान मांडायचे आणि गावं मी फिरायची. धाकटा दीर नामदेव वेगळा राहायचा. त्याच्या वाट्याला दोनच गावं आली होती आणि त्याचा डोळा आमच्या सातांवर होता. हे तो लपवायचासुद्धा नाही.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. धाकटी मुलगी झाली आणि वर्षाच्या आत माझं अंग दुखायला लागलं. कुठं दुखतं असं कुणी विचारलं तर मला धड सांगता यायचं नाही. आज मान, उद्या पोटऱ्या, परवा दोन्ही खांदे. मुलगी मांडीवर येऊन बसली तरी मांडी ठणकायची. रात्रभर झोपून उठले तरी पायलीभर दळण दळून उठल्यासारखी उठायची. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतवात हाय, जाईल आपसूक." निगडीच्या, म्हणजे निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, अंगारा झाला, कुणी सांगितलं म्हणून एरंडेल झालं. वात काही हलला नाही.

मग तोल जायला लागला. पायाखालची जमीन नांगरल्यासारखी वाटायची. मान वळवून कुणाला ओ दिली की पुढचं पाऊल भलतीकडेच पडायचं. अंघोळीला बसून डोळ्यांवर पाणी घेतलं की मी बाजूला कलंडायची. एकदा अशीच हंड्यावर आपटले आणि सासूबाईंना सांगितलं की शेवाळ होतं.

अंग दुखतं हे मी बोलून दाखवत होते. तोल जातो हे मात्र मी कुणालाही सांगितलं नाही. अंग दुखतं म्हटलं तर फार तर कामचुकार म्हणतील. पण कासारीण पडते म्हटल्यावर मला दारात कोण उभं करील? त्या वर्षांत आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत होता. कुणी ब्रह्मदेशात, कुणी आणखी कुठं. त्यांच्या बायका काचेला इतक्या जपायच्या की नुसती चीर गेली तरी रडायला बसायच्या. बांगडी फुटली असं तोंडातून काढायचं नाही, वाढली म्हणायचं. अशा दिवसांत डोक्यावर काचेचं गाठोडं घेऊन फिरणाऱ्या बाईला भोवळ येते, हे गावाला कळलं असतं तर सातही गावं एका आठवड्यात नामदेवाकडे गेली असती.

म्हणून मी लपवलं.

हौसाचा चुडा

फाल्गुनात आमच्या सातातल्या मोठ्या गावात एका बागायतदाराच्या घरी लग्न निघालं. नवरी हौसा, सोळा वर्षांची. नवरा पलटणीतला, महिन्याच्या रजेवर आलेला. हौसाची आई यशोदाबाई म्हणजे सगळं घर एका शब्दावर चालवणारी बाई. घरात आणखी एक होती, हौसाची आत्या गोदा. तिचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला आणि ती भावाकडे परत आली. तेव्हा ती तिशीची असेल. शेण, पाणी, भाकरी, बाळंतिणीची न्हाणी, सगळं तिच्या अंगावर. पण चुडा भरताना तिनं समोर यायचं नाही, हे मी सांगायला नको.

चुड्याची रीत अशी होती की ताटात हिरव्या बांगड्या घेऊन कासारणीनं आत जायचं, त्या देवापुढं ठेवायच्या, हळदकुंकू वाहायचं आणि ताट घेऊन परत अंगणात यायचं. मग नवरीला पाटावर बसवून भरायला घ्यायचं. मी सकाळपासून मांडी घालून बायकांना बांगड्या भरत होते. अंग नुसतं शेकत होतं. उठले, आत गेले, देवापुढं ताट ठेवलं, उचललं आणि काळोख्या माजघरातून एकदम भर उन्हात बाहेर आले. कुणीतरी उजवीकडून हाक मारली. मी मान वळवली.

पुढचं मला आठवतं ते खाली पडल्यावरचं. ताट लांब घरंगळत गेलं होतं आणि अंगणभर हिरवी काच झाली होती. वीस-पंचवीस बायका होत्या. कुणी हलेना.

यशोदाबाई म्हणाल्या, "काय झालं गं कासारणी? कोन आडवं आलं?"

मी म्हणू शकले असते की मला भोवळ आली. पायात पाय अडकला असंही म्हणता आलं असतं, तेवढ्यानं कुणाचं काही गेलं नसतं. पण यशोदाबाईंनी मला वाट काढून दिली होती आणि मी ती घेतली. मी म्हणाले, "आडवं काहीतरी गेल्यासारखं झालं."

सगळ्या बायकांनी एकदम माना वळवल्या. अंगणाच्या कोपऱ्यात पाणी तापवायची चूल होती आणि गोदा हातात सरपण घेऊन चुलीपाशी उभी होती. माझ्यापासून चांगली दहा-बारा पावलं लांब.

"वैनी, म्या हितंच व्हते चुलीपाशी," ती म्हणाली. "इचारा की कासारणीला."

मी खाली बघून काचा वेचत राहिले.

बांगड्यांच्या दुसऱ्या माळांमधून जमवून मी हौसाचा चुडा भरला. हिरव्याच्या दोन छटा झाल्या. लग्न लागलं, रजा संपली, जावई पलटणीत परत गेला.

घरातलं

घरी आल्यावर मालकांना पडल्याचं सांगितलं, आणि तोल जातो हेही पहिल्यांदाच सांगितलं. ते म्हणाले, "आन् तू काय बोललीस तिथं?"

"आडवं काहीतरी गेलं म्हणाले."

"बरं केलंस."

ते वाईट नव्हते. मुलींवर त्यांनी कधी हात उगारला नाही, मला कधी टाकून बोलले नाहीत. पण गावं गेली तर खायचं काय, हे त्यांच्या डोक्यातून दिवसभर जायचं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याकडे निराळ्या नजरेनं बघायला लागले. मी उठले की त्यांची नजर माझ्या पायांकडे जायची. त्या नजरेनं मी आणखी अडखळायची आणि मग त्यांच्यावरच खेकसायची. माझ्या तोंडाला तेव्हाही धार होती. आमच्यात त्या तीन-चार महिन्यांत जेवढी भांडणं झाली तेवढी आधीच्या दहा वर्षांत नव्हती झाली. ज्या दिवशी भांडण व्हायचं त्याच्या दुसऱ्या दिवशी अंग जास्त दुखायचं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. ज्यांना हे दुखणं आहे त्यांनी आपल्या घरच्यांना हे वाक्य वाचून दाखवावं.

आणि एक कबूल करते. पंधरा-वीस दिवसांत मलाच वाटायला लागलं की गोदा आडवी आली असेल. आपण पडलो ते उगाच कसे पडू? आधीही पडत होते, पण तेव्हा शेवाळ होतं, दगड होता, अंधार होता. प्रत्येक वेळचं कारण मी तयार ठेवलं होतं. त्यात गोदाची भर पडली. असं मानलं की मला दोन घास गोड लागायचे.

ज्येष्ठात ओढा ओलांडताना पडले आणि मनगट सुजलं. कासारणीचं मनगट म्हणजे तिचं पोट. तेव्हा मालकांनीच सांगलीला माझ्या भावाला कार्ड टाकलं. आषाढात लग्नं नसतात, आमच्या धंद्याला विसावा असतो. दादा येऊन मला घेऊन गेला.

डोळे मिटा

सांगलीच्या दवाखान्यात मला अकरा दिवस ठेवलं. बायकांच्या खोलीत बारा खाटा, फिनेलचा वास, पहाटे काखेत ताप बघायची नळी, मग साबुदाण्याची कांजी. दहाच्या सुमाराला डॉक्टर यायचे. ते म्हातारे होते, कमी बोलायचे आणि बोलायचे ते माझ्या भावाकडे बघून. पहिल्या दोन दिवसांत रक्त बघितलं, गुडघ्यांवर छोटी हातोडी मारली, अंगावर बोटानं जागोजाग दाबून बघितलं. मान, खांदे, कोपर, कंबर, जिथं दाबलं तिथं मी कळवळले. ते मान हलवायचे आणि कागदावर लिहायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीच्या मधोमध उभं केलं. म्हणाले, "पाय जुळवा. हात अंगाशी. आता डोळे मिटा."

मी डोळे मिटले. मी सरळ उभी आहे अशी माझी खात्री होती. तेवढ्यात दंडाला जोरात कळ आली म्हणून डोळे उघडले, तर डॉक्टरांनी मला दोन्ही दंडांना धरलं होतं. मी पार तिरकी झाले होते.

"पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी मीच म्हणाले, "एकदा बघा अजून." तिसऱ्या वेळीही पडले.

मी विचारलं, "माझ्या मागं कुणी होतं का?"

"मागं नुसती भिंत आहे, बाई," डॉक्टर म्हणाले.

मग ते दादाला सांगायला लागले. मी म्हणाले, "दुखतंय मला. मला सांगा." त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "याला आम्ही फायब्रोसायटिस म्हणतो. मांसातला वात समजा. हाडं चांगली आहेत, रक्त चांगलं आहे. तुमच्या शरीराला आपण कुठं आहोत, सरळ आहोत की वाकडे, याचा अंदाज नीट येत नाही. डोळ्यांवर सगळा भार आहे. डोळे मिटले, अंधार झाला, मान गर्रकन वळली, की तोल गेला."

"बरी होईन का?"

"मरणार नाही याच्यानं. पण जाईलच असं मी सांगत नाही. याच्याबरोबर राहायला शिकावं लागेल."

मी खाटेवर बसून रडले. दादा समजूत घालत राहिला, "अगं, मरणाचं नाही म्हणालेत ना." त्याला वाटलं मी दुखण्यासाठी रडतेय. मला चुलीपाशी सरपण घेऊन उभी असलेली गोदा दिसत होती. आता शेवाळही नव्हतं आणि दगडही नव्हता. मी सपाट फरशीवर, भर उजेडात, कुणी आडवं आलेलं नसताना तीनदा कलंडले होते.

बोट टेकून

बाजूच्या खाटेवर हमीदाबी म्हणून मिरजेकडची म्हातारी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूच्या पट्ट्या होत्या. तरी ती खाटांच्या कडेकडेनं मोरीपर्यंत एकटी जाऊन यायची. मी विचारलं, "मावशी, तुम्ही पडत कशा नाही?"

तिनं एक बोट वर केलं. "खाटेला लावायचं, बस. पकडायचं नाय बाय. पकडलं की हात ताठ, अंग ताठ, मग पडायचं. फकस्त शिवून ठेवायचं."

मी करून बघितलं. भिंतीला एक बोट नुसतं टेकलं, भार अजिबात दिला नाही, आणि डोळे मिटून उभी राहिले. डुलले, पण पडले नाही. पाच मिनिटं तशीच उभी होते. हमीदाबीला ते दिसत नव्हतं म्हणून मी तिला सांगितलं आणि ती हसली. त्या अकरा दिवसांत मला सुख वाटलं ते तेवढंच. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. करत जा."

तेव्हापासून जे मला उपयोगी पडलं ते सांगते. तुम्हाला जमेल तेवढं घ्या.

चालताना बोलायचं नाही. कुणी हाक मारली तर आधी उभं राहायचं, मग सगळं अंग फिरवायचं, नुसती मान नाही. नजर पायाशी ठेवायची नाही, लांबच्या झाडावर ठेवायची. आतून उन्हात आलं की उंबऱ्यावर थांबून दहा श्वास घ्यायचे. अंघोळीला भिंतीला पाठ लावून बसायचं आणि डोळ्यांवर पाणी ओतायच्याऐवजी ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं. डोक्यावरचं ओझं मी कायमचं बंद केलं. गाठोड्याच्या दोन झोळ्या केल्या आणि दोन खांद्यांना सारख्या वजनाच्या अडकवल्या. हातात काठी घेतली आणि विचारलं की सांगायची, कुत्र्यांसाठी आहे.

दुखण्याचं म्हणाल तर बरं वाटलं त्या दिवशी दुप्पट काम करायचं नाही. हे मला शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बरं वाटलं की मी दोन गावं करायची आणि मग तीन दिवस अंथरुणात. सकाळी उठल्या उठल्या चुलीची ऊब घ्यायची, वाळू तापवून पुरचुंडीनं शेकायचं, मग हळूहळू हलायचं. अगदी पडूनही राहायचं नाही, त्यानं आणखी आखडतं.

एक मजेची गोष्ट मला नंतर कळली. बांगड्या भरताना मी कधीच डुलत नसे. समोरचीचा हात हातात असायचा ना. पंजा चोळायचा, अंगठ्याचं हाड आत दाबायचं आणि बांगडी सरकवायची. माझी बोटं ठणकायची, पण तेवढा वेळ मी जागेवर असायची.

वस्तीवर

श्रावणात मी परत फिरतीला लागले. पंचमीच्या आधी त्या मोठ्या गावाला निघाले तर वाटेत उसाच्या फडाच्या कडेला, बागायतदारांच्या वस्तीवर, गोदा दिसली. पाचटाची खोप होती, बाहेर तीन दगडांची चूल. ती गवत कापत होती. माझ्याकडे बघितलं आणि परत कापायला लागली.

गावात बायकांनी सांगितलं. जावयाचं चैत्रापासून पत्र नव्हतं. हौसाला दिवस गेले होते. यशोदाबाईंनी गोदाला घरातून काढून वस्तीवर ठेवलं होतं. रोज वैरणीचा भारा आणून दाराबाहेर टाकायचा, तिथंच ठेवलेली भाकरी उचलायची आणि परत जायचं. उंबऱ्याच्या आत यायचं नाही. एकजण मला म्हणाली, "तुमीच तर बघितलं न्हवं, आडवी गेलेली."

मी म्हणाले, "बांगड्या बघा, कुठल्या दाखवू?"

घरी येऊन मालकांना म्हणाले, "मी यशोदाबाईंना खरं सांगणार."

"काय सांगनार? मला रोग हाय म्हनून?"

"हो."

"आन् पोरींनी काय खायचं?"

श्रावण गेला, भाद्रपद गेला. मी त्या गावाला दुसऱ्या वाटेनं जायला लागले. ती वाट कोसभर लांबची होती आणि खडकाळ. माझ्यासारखीनं त्या वाटेनं जायचं म्हणजे वेडेपणा, पण मी गेले. दोनदा पडले. तरी वस्तीवरून जायला मी धजले नाही.

अंगणात

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ऊर धडधडायला नको. सातातली चार गावं नामदेवाकडे गेली, आणि तीन राहिली ती तिथल्या बायकांनी ठेवली म्हणून. मालक माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. नंतर त्यांनीच कोरेगावच्या बाजारात माझ्यासाठी एक बाकडं आणि मागं टेकायला फळी करून दिली, आणि बायका माझ्याकडे यायला लागल्या. त्या बाकड्यावर मी तीस वर्षं बांगड्या भरल्या. जावई लढाई संपल्यावर धडधाकट घरी आला. त्याच्या पत्रांचा आणि माझ्या पडण्याचा काही संबंध नव्हता, हे वेगळं लिहायला नको, पण लिहिते.

आश्विनात हौसाला सातवा लागला. ती पहिलटकरीण, माहेरी आलेली. हिरव्या बांगड्या भरायला मला बोलावणं आलं. मी त्या दिवशी वस्तीच्या वाटेनं गेले. गोदा भारा बांधत होती. मी म्हणाले, "आज भारा घेऊन लवकर ये. मी घरात असेन तोवर ये." ती भाऱ्याची गाठ आवळत राहिली.

अंगणात दहा-बारा बायका होत्या. हौसा पाटावर बसली होती, तोंड उतरलेलं. यशोदाबाई म्हणाल्या, "उरका कासारीणबाई, ऊन चढाया लागलं."

मी झोळ्या खाली ठेवल्या. "आधी एक बघा," मी म्हणाले. "सगळ्याजणी जोत्यावर जाऊन बसा. अंगणात माझ्याजवळ कुणी राहू नका."

"आवं, काय खेळ मांडलाय?"

"बसा म्हणते ना."

माझा आवाज चढला तशा त्या बसल्या. मी अंगणाच्या मधोमध गेले. काठी टाकली. पाय जुळवले, हात अंगाशी घेतले. म्हणाले, "बघा, कुणी आडवं येतंय का." आणि डोळे मिटले.

डाव्या अंगावर पडले. कोपर सोलून निघालं. कुणी जागचं हललं नाही. मी उठले, धूळसुद्धा झाडली नाही, परत पाय जुळवले, परत डोळे मिटले आणि परत पडले. दुसऱ्या वेळी डोकं आपटलं आणि मला लगेच उठता येईना. बसूनच बोलले.

"मला हे दुखणं आहे. वर्षाच्या वर झालं. सांगलीच्या डॉक्टरांनी बघितलंय. फाल्गुनात मी अशीच पडले. कुणी आडवं आलं नव्हतं. मी खोटं बोलले."

यशोदाबाई जोत्यावरून उतरल्या. "म्हंजे माज्या लेकीचा चुडा तू भरलास, आन् असला रोग अंगात घिऊन भरलास?"

"हो."

"उचल तुजं बिऱ्हाड. पुन्यांदा ह्या गावात दिसू नगंस."

मी झोळ्यांकडे बघितलं आणि तेव्हा मला दारात गोदा दिसली. डोक्यावर वैरणीचा भारा तसाच. ती कधी आली होती ठाऊक नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून कळलं की तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं भारा खाली टाकला. दाराबाहेर नाही, आत अंगणात टाकला. मग ती चालत माझ्यापर्यंत आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. मला वाटलं, मारील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"सात म्हैनं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सात म्हैनं तुला म्हाईत व्हतं."

"गावं जातील म्हणून भ्याले, गोदाबाई."

"आन् माजं काय जात व्हतं गं?"

ती माझ्या बाजूनं पुढं गेली, जोत्याच्या पायऱ्या चढली. बायकांनी पाय आखडून वाट दिली. यशोदाबाई तिच्याआधी जाऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही हात चौकटीला.

"वैनी, सरा," गोदा म्हणाली. "भाकरी करायच्यात."

यशोदाबाईंनी माझ्याकडे बघितलं, अंगणात पडलेल्या भाऱ्याकडे बघितलं आणि मग गोदाकडे बघितलं. गोदा तशीच उभी होती, तिनं दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

यशोदाबाई सरल्या.